मझार हवा

शहादा डेपोत सदतीस वर्षं मी हवेवर ब्रेक लावले.
टाकी भरेपर्यंत गाडी हलवायची नाही.
काटा चढला की ड्रायव्हर बिडी फेकायचा,
आणि ब्रेकवरून पाय काढला की गाडी फुसकारायची
उठवलेल्या म्हशीसारखी.
हवा म्हणजे ब्रेक. एवढंच शिकलो.
एवढ्यावरच पेन्शन.

आता ही कारमी पावरा, तोरणमाळची,
नाशकातून जुनी सायकल घेऊन आलेली.
खोक्यात दोन चकत्या, दोन कॅलिपर, काळ्या नळ्या,
आणि गुलाबी तेल एवढंसं,
खोकल्याच्या औषधाइतकं.
"लोटनकाका, यात हवा राहिली तर ब्रेक लागत नाही."
म्हटलं, पुन्हा सांग.

आधी हात धुतले.
हसू नका, डेपोत हात कामानंतर धुतात.
निरमा, राख, परत निरमा.
तरी नखांत अठ्ठ्याऐंशी सालचं ग्रीस आहेच.
पॅडला तेलकट बोट लागलं की पॅड गेलं, म्हणे.
चकती कडेनं धरली, तव्यावरच्या भाकरीसारखी,
सहा स्क्रू समोरासमोर आवळले.
हे मात्र बसच्या चाकासारखंच. जरा बरं वाटलं.

समोरचा जीपवाला सलीम ब्रेक ऑइल घेऊन आला, फुकट.
परत पाठवला. त्या तेलानं यातली रबरं फुगतात.
सिरिंज ढोरांच्या डॉक्टरची, कोरी, सुई काढलेली.
खालून हळू दाबली,
वर मुठीपाशी वाटीत एक बुडबुडा आला, मग तीन,
मग बराच वेळ काही नाही.
मूठ दाबून पाहिली :
पिकल्या पपईसारखी मऊ, थेट दांड्याला टेकली.

"मझार हवा शे," मी म्हणालो.
कुठं? ते नळी सांगत नाही.
सायकल लिंबाला उभी टांगली,
पान्याच्या मागच्या बाजूनं नळीवर टकटक,
कॅलिपरपासून वर, वितीवितीनं,
झोपलेल्याला उठवावं तशी.
रात्री मूठ दाबून ट्यूबच्या पट्टीनं बांधली
आणि झोपायला गेलो.
झोप नाही आली.

भगा आप्पानं एकदा लॉगशीटवर लिहिलं होतं : ब्रेक कमी.
मी पाहिलं, न पाहिल्यासारखं.
खाली लिहिलं : ठीक. सही.
सात पायरीच्या तिसऱ्या वळणाला आप्पानं गाडी डोंगराला घासत थांबवली.
माणसं सगळी उतरली.
टपावरच्या पाटीतली एक कोंबडी मेली.
आप्पा त्या कोंबडीचे पैसे माझ्याकडून घेऊन गेला, साडेबावीस रुपये,
आणि पुढं रिटायर होईपर्यंत बोलला नाही.

सकाळी पट्टी सोडली. वाटीत एक बुडबुडा,
मोहरीएवढा.
मूठ अर्ध्यात अडली. टणक.

मग कॅलिपरचे दोन बोल्ट सैल केले, मूठ दाबून ठेवली,
तशीच धरून बोल्ट आवळले.
चाक फिरवलं तर एका जागी खस्स, खस्स.
पलीकडं पांढरा कागद धरला,
फटीतून उजेड एका बाजूला कमी.
चकती धुतलेल्या फडक्यात धरून केसभर वाकवली.
खस्स गेलं.

"घाटात लगेच नको," तिला सांगितलं.
"म्हसावदच्या रस्त्यावर वीस वेळा जोरात जा,
वीस वेळा हळू कर, पुरतं थांबू नको.
पॅड चकतीला ओळखू दे."
ती गेली. मी मोजत बसलो,
इथून दिसत काहीच नाही तरी.
केळीचे दोन ट्रक गेले, एक पाण्याचा टँकर.

आली तेव्हा चकतीतून गरम लोखंडाचा वास.
बोट लावायला गेलो, हात मागं घेतला.
तिनं वही काढली. शर्यतवाल्यांना मिस्तरीची सही लागते,
ब्रेक तपासल्याची.
"ठीक लिहा ना, काका."

पेन हातात घेतलं.
पुढची मूठ दाबली. मागची.
परत पुढची.
लिहिलं : पाहिले. दोन्ही.
तारीख, वेळ सकाळी अकरा दहा, लोटन मिस्तरी.
ती म्हणाली, एवढंच?
म्हटलं, उद्या जायच्या आधी परत ये.
परत पाहीन.